ऊस वाहतुकीत इंजिन का तापते? थर्मोस्टॅट काढून टाकण्यापूर्वी हे वाचा

– ऊस विकास अधिकारी, शेती विभाग



लागण, बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते, खोडव्याचे व्यवस्थापन यांवर आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या वेळी विषय थोडा निराळा घेतला आहे. शेती विभागाच्या माणसाला इंजिनाची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर सोपे आहे. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, असे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. ऊस तुटला की त्यातले पाणी उडू लागते व वजन घटते. शिवाय साखरेचे विघटन सुरू होऊन उतारा खाली येतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात हे नुकसान फार झपाट्याने होते. अशा वेळी दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर चढावर वाफ सोडत उभा राहिला, तर फडात घेतलेली सगळी मेहनत रस्त्यावर वाळत पडते. वजनाचा तोटा ऊसवाल्याचा, खेपेचा तोटा वाहनमालकाचा आणि उताऱ्याचा तोटा आपणा सर्वांचा. म्हणून हा विषय शेतीचाच आहे असे आम्ही मानतो.

आमच्या पाहण्यातली एक हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. एका वाहनमालकाचा ट्रॅक्टर दर खेपेला चढावर तापू लागला. गॅरेजमध्ये नेला, तर मिस्त्रीने सांगितले, "थर्मोस्टॅट काढून टाकू, आपल्याकडं त्याची गरजच नाही." थर्मोस्टॅट काढला. रिकामी गाडी चालवताना काटा एकदम खाली राहिला, मालक खूष झाला. आठवड्याभरात डिझेल जास्त लागतेय अशी तक्रार सुरू झाली. भरल्या गाडीला मात्र काटा पुन्हा लाल पट्ट्यात जाऊ लागला. शेवटी भर हंगामात हेड गॅस्केट गेले, इंजिन खोलावे लागले आणि गाडी बारा दिवस उभी राहिली. टोळीला उचल दिलेली, बँकेचा हप्ता दारात आणि तोडलेला ऊस फडात! इंजिन खोलल्यावर दिसले ते असे, की रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुगा गच्च बसला होता आणि फॅनबेल्ट सैल होता. थर्मोस्टॅट बिचारा निर्दोष होता.

असे का होते, हे समजण्यासाठी आधी इंजिन थंड कसे राहते ते पाहू.

इंजिनातली उष्णता जाते कुठे?

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकाला ओढ देण्याच्या कामी येतो. तेवढाच भाग सायलेन्सरवाटे धुराबरोबर जातो. उरलेली उष्णता इंजिनाच्या अंगात राहते आणि ती पाण्याने वाहून न्यावी लागते. यासाठी सिलिंडरभोवती व हेडमध्ये पाण्याच्या वाटा असतात. वॉटर पंप हे पाणी फिरवतो. तापलेले पाणी वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून खाली उतरताना पंख्याच्या हवेने निवते आणि खालच्या पाइपने परत इंजिनात जाते. पिकाच्या पाटपाण्यासारखेच हे आहे. पाट कुठेही तुंबला, फुटला किंवा मोटर मंद चालली, की शेवटचा वाफा कोरडा राहतो. इंजिनात शेवटचा वाफा म्हणजे हेड. नुकसान पहिले तिथे होते.

(ज्या ट्रॅक्टरचे इंजिन हवेने थंड होते, त्यात पाणी, रेडिएटर व थर्मोस्टॅटची ही रचना नसते. त्यांच्या मालकांनी सिलिंडरवरील पाती व हवेचा मार्ग स्वच्छ ठेवावा, म्हणजे मुख्य काम झाले.)

थर्मोस्टॅट म्हणजे काय?

या पाटावरचे आपोआप उघडणारे दार म्हणजे थर्मोस्टॅट. बहुतेक ट्रॅक्टर व जीपमध्ये तो हेडमधून पाणी बाहेर पडते त्या तोंडाशी, वरच्या होज पाइपच्या बुडाशी बसवलेला असतो. मुठीत मावेल एवढी वस्तू, पण काम मोठे. त्याच्या पितळी डबीत खास मेण भरलेले असते. ठरावीक उष्णतेला मेण वितळते आणि वितळताना फुगते. ते फुगले की दांडी ढकलली जाते व झडप उघडते. पाणी निवले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. यात वीज नाही, तार नाही. मेणाचा हा थर्मोस्टॅट १९३० च्या दशकात निघाला आणि आजही जवळजवळ तसाच चालतो.

किती अंशाला उघडायचे, तो आकडा थर्मोस्टॅटवर कोरलेला असतो. बऱ्याच इंजिनांत तो ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तिथून उघडायला सुरुवात होते आणि आणखी दहा-बारा अंश चढल्यावर झडप पूर्ण उघडते.

सकाळी इंजिन थंड असताना झडप मिटलेली असते. पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत, बगलेच्या वाटेने म्हणजे बायपासने फिरते. त्यामुळे इंजिन लवकर गरम होते. आता कोणी म्हणेल, आपल्याकडे थंडीच कुठे आहे, इंजिन गार राहिले तर बरेच की! इथेच गफलत होते. इंजिनाला ज्वर नको तसा गारठाही नको. थंड सिलिंडरमध्ये डिझेल पुरते जळत नाही. न जळलेले डिझेल भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये उतरते व ऑइल पातळ करते. जळणातून निघालेली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते. याने लायनर व रिंगा झिजतात, धूर वाढतो आणि डिझेलही जास्त लागते.

काढून टाकला तर इंजिन जास्त तापू शकते!

हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते, पण खरे आहे. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात. वरची झडप रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी खालची झडप बायपासची वाट बंद करते. म्हणजे इंजिन तापले की सगळेच्या सगळे पाणी रेडिएटरमधून जावे, अशी योजना असते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग बरेचसे गरम पाणी रेडिएटरला न भेटताच पुन्हा इंजिनात येते. हलक्या कामाला हे जाणवत नाही, उलट काटा खालीच राहतो. पण दोन ट्रॉल्या ओढताना, चढावर, दुपारच्या उन्हात हेच पाणी कमी पडते. वर सांगितलेल्या गाडीचे असेच झाले. मूळ रोग तसाच राहिला आणि त्यात एक नवा जोडला गेला.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की थर्मोस्टॅट खराब असेल तर बदला, चांगला असेल तर बसवून ठेवा. पण रिकामी जागा ठेवू नका. त्याची किंमत इंजिन खोलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

लक्षणांवरून रोग ओळखा

गाडी कधी तापते आणि कशी तापते, यावरून निम्मे निदान घरीच होते. हाताने पाइप चाचपताना इंजिन बंद करा. चालू इंजिनावर वाकताना खांद्यावरचे उपरणे, साडीचा पदर, सैल बाही पंख्यात ओढली जाते. मोटारींचा विजेवर चालणारा पंखा तर इंजिन बंद केल्यावरही अचानक सुरू होऊ शकतो.

१) गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा लाल पट्ट्यात जातो, पण वरचा होज पाइप व रेडिएटर हाताला थंड किंवा कोमट लागतात. याचा अर्थ थर्मोस्टॅट मिटलेल्या स्थितीत अडकला आहे. डबीतले मेण गळाले की स्प्रिंग झडप मिटवून ठेवते, त्यामुळे असे होते.

२) अर्धा तास काम करूनही काटा वर येत नाही आणि वरचा पाइप पहिल्यापासूनच कोमट होत जातो. थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे किंवा आधीच कोणी काढून टाकला आहे. काट्याचा सेन्सर बिघडला असण्याचीही शक्यता असते, तेही पाहावे.

३) वरचा पाइप चटका देतो, खालचा थंड, रेडिएटर काही ठिकाणी गरम तर काही ठिकाणी गार. रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने बुजल्या आहेत.

४) रिकामी गाडी ठीक, भरली की तापते. रेडिएटरची जाळी बाहेरून तुंबली आहे, बेल्ट घसरतो आहे किंवा गाडीवर ओझेच जास्त आहे.

५) चालती गाडी ठीक, पण कारखान्याच्या तळावर नंबरला उभी राहून इंजिन चालू ठेवले की तापते. पंख्याची हवा कमी पडते. मोटारीत विजेचा पंखा असेल तर त्याचा फ्यूज, स्विच व मोटर तपासा. आणि तळावर दोन-दोन तास इंजिन चालू ठेवायचेच कशाला, हेही विचारात घ्या.

६) बाहेर कुठे गळती नाही, तरी पाणी रोज कमी होते, पाण्यात बुडबुडे येतात, ऑइल दुधट दिसते, सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते. हेड गॅस्केट गेले किंवा हेडला चीर आहे. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये, सरळ गॅरेज गाठावे.

थर्मोस्टॅटची घरगुती परीक्षा

इंजिन पूर्ण थंड असताना पाणी काढून घ्यावे, वरच्या पाइपचे तोंड सोडवून थर्मोस्टॅट बाहेर काढावा. थंड स्थितीत झडप घट्ट मिटलेली दिसली पाहिजे. उघडी असेल तर पुढची परीक्षा नकोच, तो बाद समजावा.

मिटलेली असेल तर एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगावा. बुडाला टेकू देऊ नये. त्या पाण्यात थर्मामीटर धरावा. ज्यांच्याकडे गुऱ्हाळ आहे त्यांच्याकडे गुळाच्या कढईचा थर्मामीटर असतो, तो याला उत्तम. पाणी हळूहळू तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या एक-दोन अंश मागेपुढे झडप हलायला लागली पाहिजे आणि पाणी उकळीला येईपर्यंत चांगली उघडली पाहिजे. मग बाहेर काढून निवू द्यावा, तो पुन्हा घट्ट मिटला पाहिजे. हे पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला करावी. थर्मोस्टॅटच्या चकतीला बारीक भोक असते, ते वरच्या अंगाला ठेवावे. त्यातून अडकलेली हवा निघून जाते. गॅस्केट नवे घालावे. पाणी सावकाश भरावे. मग रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे आणि झडप उघडून पातळी खाली गेली की भर घालून झाकण लावावे. घाईने भरले तर आत हवा अडकते आणि नवा थर्मोस्टॅट घालूनही गाडी तापते.

विहिरीचे पाणी रेडिएटरला नको

आपल्या कालव्याखालच्या भागात जमिनी क्षारपड का झाल्या, हे आम्ही वेगळे सांगायला नको. तेच क्षार विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात आहेत. चहाच्या किटलीला जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या पाणवाटांत व रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. हा थर उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. थर्मोस्टॅटच्या दांडीवर बसला तर झडपही अडकवतो. आपल्या कारखान्याचा बॉयलर पाहा. त्याला कोणी विहिरीचे पाणी घालत नाही; वाफेचे निवलेले शुद्ध पाणी किंवा प्रक्रिया केलेले पाणीच जाते. लहान बॉयलर समजूनच आपल्या इंजिनाला पाणी द्यावे.

सर्वांत चांगले म्हणजे गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट व बॅटरीला घालतो ते शुद्ध पाणी, सांगितलेल्या प्रमाणात. निम्मे-निम्मे मिश्रण केले तर ते साध्या पाण्यापेक्षा काहीसे उशिरा उकळते. मुख्य म्हणजे त्यातील औषधांमुळे गंज व क्षार धरत नाही. निरनिराळ्या प्रकारची कूलंट एकमेकांत मिसळू नयेत. कूलंटची मुदत संपली की बदलावे.

एक इशारा महत्त्वाचा आहे. कूलंट विषारी असते आणि चवीला गोड असते. काढलेले कूलंट घमेल्यात उघडे ठेवून जेवायला जाऊ नये. जनावर, कुत्रे किंवा लहान मूल ते पिऊ शकते. पाटात किंवा विहिरीजवळही ओतू नये.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका

दर हंगामात हात-तोंड भाजलेला एखादा ड्रायव्हर आम्हाला भेटतोच. रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसते, त्यात दाबाची झडप असते. दाबाखाली पाणी १०० अंशाला उकळत नाही. झाकणावर ०.९ असा आकडा असेल, तर आतले पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. झाकण फिरवले की दाब एका क्षणात जातो, तेच पाणी वाफ होऊन उसळते आणि तोंडावर येते. घरातल्या कुकरची शिटी उतरल्याशिवाय आपण झाकण काढत नाही. मग इथे घाई का?

गाडी तापली तर असे करावे:

१) गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी, ट्रॉलीच्या चाकांना दगड लावावेत. रात्र असेल तर मागे रिफ्लेक्टर दिसेल असे पाहावे.

२) बेल्ट तुटला असेल किंवा पाणी वाहून गेले असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. पाणी शाबूत असेल आणि केवळ ओझ्याने काटा चढला असेल, तर न्यूट्रलमध्ये दोन-चार मिनिटे इंजिन चालू ठेवावे. पंख्याने काटा खाली येतो. मोटार असेल तर ए.सी. बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. तेवढीच उष्णता बाहेर जाते.

३) काटा उतरत नसेल तर इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे. रेडिएटर हाताला सोसेल इतका निवला की जाड गोणपाट घेऊन, तोंड बाजूला धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, दाब जाऊ द्यावा, मग काढावे.

४) तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नये. तापल्या तव्यावर पाणी मारल्यासारखे होते आणि हेड तडकते. इंजिन निवल्यावर ते सुरू करून थोडे थोडे पाणी घालावे.

५) निघताना चाकाखालचे दगड उचलून रस्त्याच्या बाहेर टाकावेत. अंधारात त्या दगडावर दुचाकीवाला आदळतो. आपली गाडी निघाली म्हणून दुसऱ्याच्या घरचा माणूस जाता कामा नये.

रोजची पाच मिनिटे

सकाळी थंड इंजिनावर पाण्याची पातळी पाहावी. रेडिएटरपुढील जाळी रोज साफ करावी. ऊस वाहतुकीत पाचटाचा भुगा, जळक्या उसाची राख आणि धूळ यांनी ती एका दिवसात भरते. आठवड्यातून एकदा इंजिनाच्या बाजूने पुढच्या बाजूकडे हवा किंवा हलक्या धारेचे पाणी मारावे. पंखा हवा पुढून आत ओढतो, म्हणून कचरा उलट दिशेनेच निघतो. पुढून जोराची धार मारली तर तो आणखी आत बसतो व पाती वाकतात. फॅनबेल्ट मध्यावर अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा इंच दबावा. त्याला चिरा असतील तर बदलावा आणि एक जादा बेल्ट गाडीत ठेवावा. वॉटर पंपाखाली थेंब पडत असतील तर त्याचे सील जाऊ लागले आहे. होज पाइप फुगला किंवा मऊ पडला असेल तर हंगामाच्या आधीच बदलावा. आणि काटा बंद पडलेली गाडी चालवू नये. "काटा नसला तरी चालतंय" म्हणणाऱ्याला इंजिन तापल्याचे कळते ते इंजिन चिकटल्यावरच.

गाडी गॅरेजला नेली तर मिस्त्रीला मोकळेपणाने विचारा: जाळी पाहिली का? बेल्ट पाहिला का? झाकण तपासले का? थर्मोस्टॅट पाण्यात घालून पाहिला का? एवढे झाल्यावर मगच पाना लावू द्या. ही विचारपूस म्हणजे मिस्त्रीवर अविश्वास नव्हे. उसावर औषध फवारण्यापूर्वी आपण पान उलटून कीड पाहतो, तसेच हे आहे.

वाहतूक करार असलेल्या सर्व सभासदांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या वाहनाची वरीलप्रमाणे तपासणी करून घ्यावी. आपल्या ड्रायव्हरला हा लेख वाचून दाखवावा, विशेषतः झाकणाचा व दगडांचा भाग. वाटेत वाहन बंद पडल्यास गट कार्यालयाला लगेच कळवावे, म्हणजे ऊस दुसऱ्या वाहनात भरून वेळेत गाळपास आणण्याची व्यवस्था करता येईल.